अवकाशस्थानकाकडे निघायची वेळ कशी ठरते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून २०२५ मध्ये ग्रुप कॅप्टन शुभांशू शुक्ला यांचं उड्डाण पुन्हा पुन्हा लांबलं, आणि दर नव्या तारखेबरोबर एक नवीच वेळ जाहीर होत गेली. संध्याकाळी ५:५२, मग ५:३०, मग दुपारी १:१२, शेवटी १२:०१. एवढी काटेकोर आणि तरीही सतत बदलणारी वेळ कुठून येते, असं तेव्हापासून पुष्कळ जण विचारतात. ही वेळ आकाशातल्या भूमितीतून येते. ती भूमिती समजायला शाळेतलं गणित पुरतं, म्हणून इथे आकडे टाळलेले नाहीत.

उड्डाणाची वेळ मुळात कोण ठरवतं?

ज्याला गाठायचं आहे ते यान. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक जमिनीपासून साधारण ४०० ते ४२० किलोमीटर उंचीवर, सेकंदाला सुमारे ७.६६ किलोमीटर वेगाने फिरत असतं. पृथ्वीभोवती एक फेरी त्र्याण्णव मिनिटांच्या आतबाहेर पूर्ण होते. कुणासाठीही ते थांबू शकत नाही, त्यामुळे येणाऱ्यालाच त्याच्याशी जुळवून घ्यावं लागतं.

हे जुळवणं दोन टप्प्यांत होतं. पहिल्यांदा दोघांच्या कक्षा एकाच प्रतलात, म्हणजे एकाच सपाट पातळीत, यायला हव्यात. मग त्या प्रतलात आपण आणि स्थानक एकाच वेळी एकाच जागी पोहोचायला हवं. उड्डाणाचा मिनिट-सेकंद ठरवते ती पहिली अट. दुसरी अट मुख्यतः प्रवासाला किती तास लागतील ते ठरवते. बातम्यांमध्ये या दोन्हींची सरमिसळ होते आणि मग सगळंच गूढ वाटायला लागतं.

म्हणजे उड्डाणाच्या क्षणी स्थानक डोक्यावर असावं लागतं का?

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. प्रक्षेपणस्थळावरून जावी लागते ती स्थानकाची कक्षा. स्थानक स्वतः त्या कक्षेवर कुठेही असू शकतं, अगदी पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूलासुद्धा.

टेबलावरच्या पृथ्वीगोलाभोवती एक मोठी बांगडी तिरकी धरा. बांगडी म्हणजे कक्षेचं प्रतल, आणि ती जवळपास जागच्या जागी राहते. आतला गोल मात्र पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरतो. गोलावर फ्लोरिडातल्या केनेडी अवकाश केंद्रावर ठिपका दिला, तर गोलाच्या एका फेरीत तो ठिपका बांगडीच्या खालून दोनदा जातो. उड्डाण करायचं ते या दोनांपैकी एका क्षणी, कारण त्याच क्षणी वर गेलेलं रॉकेट बांगडीच्या प्रतलात शिरू शकतं.

दोनदा संधी येते, तर उड्डाण दिवसातून एकाच वेळेला का जाहीर होतं?

पहिल्या संधीला कक्षा नैऋत्येकडून ईशान्येकडे जात असते, दुसरीला वायव्येकडून आग्नेयेकडे. फ्लोरिडातून ईशान्येकडे निघालेलं रॉकेट अमेरिकेचा पूर्व किनारा डावीकडे ठेवून अटलांटिकवरून जातं. जळालेले टप्पे समुद्रात पडतात आणि काही बिघडलंच, तर अंतराळवीरांची कुपी पाण्यावर उतरू शकते. आग्नेयेला गेलं, तर वाटेत बहामा आणि कॅरिबियनची वस्ती असलेली बेटं येतात. म्हणून स्थानकाकडची उड्डाणं ईशान्येचीच असतात, आणि दोन संधींपैकी एकच वापरता येते.

श्रीहरिकोटाहून ध्रुवीय कक्षेत जाणाऱ्या इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटला श्रीलंका टाळण्यासाठी वाटेत वळण घ्यावं लागतं आणि त्यात इंधन खर्च होतं. रॉकेट कुठल्या दिशेने जाऊ शकतं, हे असं जमिनीवरच्या नकाशावरही अवलंबून असतं.

उड्डाण एक दिवस लांबलं, की वेळ अलीकडे का सरकते?

याची दोन कारणं आहेत, आणि दुसरं मला स्वतःला फार सुंदर वाटतं.

पहिलं सोपं आहे. आपला २४ तासांचा दिवस सूर्यावरून मोजलेला असतो. ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वीची फेरी २३ तास ५६ मिनिटं आणि ४ सेकंदांत होते. बांगडीला सूर्याशी देणंघेणं नाही, त्यामुळे रोजची सुमारे चार मिनिटं इथेच गेली.

दुसरं कारण पृथ्वीच्या आकारात आहे. पृथ्वी पूर्ण गोल नसून विषुववृत्तापाशी थोडी फुगलेली आहे. त्या फुगवट्याचं जास्तीचं गुरुत्वाकर्षण कक्षेचं प्रतल हळूहळू पश्चिमेकडे फिरवतं. स्थानकाच्या उंचीला आणि कलाला, म्हणजे कक्षेच्या तिरकेपणाला, हे फिरणं दिवसाला जवळपास ५ अंश भरतं. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. म्हणजे पूर्वेकडून आपल्या दिशेने येणारं प्रतल रोज आणखी साडेएकोणीस-वीस मिनिटं लवकर भेटतं.

दोन्ही मिळून रोज साधारण साडेतेवीस मिनिटं होतात. आता शुभांशू शुक्ला यांच्या ॲक्सिअम-४ मोहिमेच्या वेळा भारतीय घड्याळाने पडताळून बघा. ११ जूनची ठरलेली वेळ संध्याकाळी ५:३०. तिथून २२ जूनपर्यंत अकरा दिवस, म्हणजे ११ गुणिले साडेतेवीस, सुमारे २५८ मिनिटं, म्हणजे ४ तास १८ मिनिटं. साडेपाचातून वजा केली की दुपारचे १:१२ येतात, आणि २२ जूनसाठी हीच वेळ जाहीर झाली होती. पुढचे तीन दिवस म्हणजे आणखी सत्तर मिनिटं. २५ जूनला उड्डाण झालं ते दुपारी १२:०१ ला. मधल्या काळात हवामान आडवं आलं, रॉकेटमध्ये द्रवरूप ऑक्सिजनची गळती सापडली, स्थानकाच्या रशियन भागातल्या हवागळतीची तपासणी करावी लागली. तारीख कधी एका कारणाने गेली, कधी दुसऱ्या. पण तारीख ठरली, की त्या दिवशीची वेळ आधीच ठरलेली असायची. शेजारशेजारच्या दोन दिवसांत एखाददुसऱ्या मिनिटाचा फरक पडतो, कारण मार्ग दर वेळी नव्याने बारकाईने आखला जातो.

पाच-दहा मिनिटं उशीर झाला तर एवढं काय बिघडतं?

चार मिनिटांत पृथ्वी एक अंश फिरते. केनेडी केंद्र तेवढ्यात पूर्वेकडे जवळपास ९८ किलोमीटर सरकलेलं असतं. ऐकायला हे अंतर फार वाटत नाही. पण चार मिनिटं उशिरा निघालेल्या यानाची कक्षा स्थानकाच्या कक्षेशी सुमारे पाऊण अंशाचा कोन करते, आणि तेवढा कोन मोडायचा तर सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास वेगबदल करावा लागतो. यान सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने धावत असतं. त्या प्रचंड वेगाची दिशा जराशी वळवायची म्हटलं, तरी भरपूर इंधन लागतं. उंची बदलणं त्या मानाने स्वस्त असतं, प्रतल बदलणं महाग. या विषयातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवा.

अंतराळवीरांच्या यानात इंधन मोजकंच असतं आणि त्यातलं परतीसाठी राखून ठेवावं लागतं. त्यामुळे ही चूक भरून काढायचं काम रॉकेटवर पडतं. किती उशीर चालेल, हे त्या रॉकेटच्या अंगात किती ताकद शिल्लक आहे त्यावर ठरतं. स्पेस शटलला साधारण दहा मिनिटं मिळायची, आदर्श क्षणाच्या पाच आधी आणि पाच नंतर. ॲटलास-५ ने २०१५ मध्ये सिग्नस हे मालवाहू यान नेलं तेव्हा अर्ध्या तासाची मुभा होती, कारण त्या रॉकेटला उड्डाणातच मार्ग वाकवून प्रतलाशी जुळवून घेता येत होतं.

शुक्ला यांना नेणाऱ्या फाल्कन-९ रॉकेट आणि ड्रॅगन यानाच्या जोडीला मात्र एकच क्षण मिळतो. त्यात भूमितीइतकाच इंधनाचा भाग आहे. या रॉकेटमध्ये नेहमीपेक्षा जास्त थंड केलेला द्रवरूप ऑक्सिजन भरतात, म्हणजे तेवढ्याच टाकीत तो जास्त मावतो. भरणं सुरू होतं उड्डाणाच्या जेमतेम ३५ मिनिटं आधी, अंतराळवीर आत बसल्यावर. एकदा भरला, की तो लगेच तापायला लागतो, त्यामुळे उलटी गणती थांबवून वाट बघता येत नाही. शेवटच्या मिनिटांत कुठे शंका आली, की त्या दिवशीचं उड्डाण रद्द.

स्थानकाच्या कक्षेचा कल ५१.६ अंशच का?

कल म्हणजे कक्षेचं प्रतल विषुववृत्ताशी जो कोन करतं तो. एखाद्या जागेवरून सरळ कक्षेत जाताना कल त्या जागेच्या अक्षांशापेक्षा कमी ठेवता येत नाही. कझाकस्तानातलं बैकोनूर हे रशियन रॉकेटांचं प्रक्षेपणस्थळ जवळपास ४६ अंश उत्तरेला आहे. तिथून ४६ अंशांच्या कक्षेत थेट पूर्वेकडे निघालं, तर रॉकेटचे टप्पे चीनच्या हद्दीत पडतील. म्हणून रशियन रॉकेट ईशान्येकडे वळवून ५१.६ अंशांची कक्षा धरतात. स्थानक रशियाबरोबर उभारायचं ठरलं, तेव्हा फ्लोरिडाला, म्हणजे २८.५ अंशांना, या कलाशी जुळवून घ्यावं लागलं. स्पेस शटलला त्यामुळे कमी वजन नेता आलं.

कल आणि अक्षांश जवळजवळ सारखे असले, तर आणखी एक फायदा होतो. चीनच्या तियानगोंग स्थानकाचा कल ४१.५ अंशांच्या आसपास आहे आणि जिउछुआन प्रक्षेपणस्थळ साधारण ४१ अंशांवर. तिथे दिवसातल्या दोन संधी एकमेकींच्या अगदी जवळ येतात आणि प्रतल बराच वेळ प्रक्षेपणस्थळाच्या आसपासच राहतं.

प्रतल जुळलं. आता स्थानकाला गाठायचं कसं?

खालच्या कक्षेतून. पृथ्वीच्या जितकं जवळ, तितकी फेरी लवकर पूर्ण होते. २०० किलोमीटरवर एक फेरी सुमारे ८८.५ मिनिटांत होते, ४०० वर सुमारे ९२.५ मिनिटांत. म्हणजे दर फेरीला मागचं यान चार मिनिटं कमावतं. कोनात सांगायचं तर जवळपास १६ अंश.

स्थानक ६० अंश पुढे असेल, तर चारएक फेऱ्यांत भेट शक्य आहे. ३०० अंश पुढे असेल, तर याच कक्षेत राहून एकोणीस फेऱ्या लागतील. मधली कुठलीही उंची निवडून हा वेग कमीजास्त करता येतो. ताबा असतो तो इथे. निघायचा क्षण हातात नसला, तरी किती उंचीवर किती वेळ थांबायचं, ते ठरवता येतं.

यात आणखी एक बारकावा आहे. फुगवट्यामुळे प्रतल फिरतं, ते खालच्या कक्षेत थोडं जास्त वेगाने. २०० आणि ४०० किलोमीटरमध्ये हा फरक दिवसाला अर्ध्या अंशाहून जास्त भरतो. यान दोन दिवस खाली थांबणार असेल, तर सुरुवातीलाच प्रतल जरा सोडून धरावं लागतं, म्हणजे भेटीच्या वेळेला दोन्ही प्रतलं आपोआप एकावर एक येतात.

वेग वाढवून सरळ त्याच्या दिशेने का जायचं नाही?

कारण कक्षेत वेग वाढवला, की यान वर चढतं, फेरी लांबते आणि यान मागे पडतं. ही गोष्ट मनाला पटत नाही, अगदी कसलेल्या वैमानिकांनाही पटली नव्हती. ३ जून १९६५ ला जेमिनी-४ या अमेरिकन यानाचे कमांडर जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच टायटन रॉकेटच्या वरच्या टप्प्याजवळ जायचा प्रयत्न केला. विमानात करतात तसंच त्यांनी केलं, म्हणजे लक्ष्याकडे तोंड करून इंजिन चालवलं. टप्पा जवळ यायच्याऐवजी दूर आणि खाली जाताना दिसू लागला. बरंच इंधन संपल्यावर प्रयत्न सोडून द्यावा लागला.

पुढच्याला गाठायचं तर आधी वेग कमी करून खाली उतरायचं, आतल्या कक्षेत पुढे सरकायचं आणि मग चढायचं. बझ ऑल्ड्रिन यांनी १९६३ मध्ये एमआयटीत डॉक्टरेट मिळवली, ती याच विषयावर, दोन यानांच्या कक्षेतल्या भेटीवर. अंतराळवीर म्हणून निवड होण्याआधीच त्यांनी हा प्रश्न अभ्यासाला घेतला होता.

पहिली भेट कधी झाली?

१५ डिसेंबर १९६५ ला. जेमिनी-६ ला आधी अजेना नावाच्या मानवविरहित यानाला गाठायचं होतं, पण ऑक्टोबरात ते उड्डाणातच नष्ट झालं. मग ठरलं, की जेमिनी-७ ला आधी पाठवायचं आणि त्यालाच लक्ष्य मानायचं. फ्रँक बोरमन आणि जिम लव्हेल ४ डिसेंबरला गेले. १२ तारखेला वॉली शिरा आणि टॉम स्टॅफर्ड निघणार होते, पण इंजिनं पेटून दीडेक सेकंदातच बंद पडली. शिरा यांनी बाहेर फेकणारी आसनं वापरली नाहीत. त्यांच्या त्या शांत डोक्यामुळे यान वाचलं, तीन दिवसांनी तेच पुन्हा उडालं, आणि दोन यानं एकमेकांपासून फुटाभरावर आली. प्रत्यक्ष जोडणी मार्च १९६६ मध्ये जेमिनी-८ ने केली, नील आर्मस्ट्राँग कमांडर असताना.

सप्टेंबर १९६६ च्या जेमिनी-११ ला मात्र तोड नाही. पहिल्याच फेरीत अजेनाला गाठायचं ठरलं होतं. त्यासाठी प्रतल आणि कोनीय अंतर दोन्ही उड्डाणाच्या क्षणीच जुळायला हवं होतं. हाताशी होती ती दोन सेकंदांची मुदत. ती पाळली गेली, आणि निघाल्यापासून ९४ मिनिटांत जोडणी झाली.

रशियाचं सोयूझ यान तीन तासांत पोहोचतं, ड्रॅगनला २८ तास लागतात. असं का?

सोयूझलाही पूर्वी दोन दिवस लागायचे, ३४ फेऱ्या. मार्च २०१३ पासून माणसं घेऊन सहा तासांचा प्रवास सुरू झाला, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये सोयूझ एमएस-१७ तीन तासांच्या थोडं वर पोहोचलं, फक्त दोन फेऱ्यांत. यासाठी स्थानक उड्डाणाच्या क्षणी ठरावीक कोनावर असावं लागतं. आपोआप तसं येत नसेल, तर काही आठवडे आधी स्थानकाचीच कक्षा किंचित उचलतात. फेरीचा वेळ सेकंदांनी बदलला, तरी शेकडो फेऱ्यांत हवा तो कोन मिळतो.

अट कडक झाली, की योग्य तारखा कमी होतात. ड्रॅगनमध्ये सोयूझपेक्षा ऐसपैस जागा आहे, त्यामुळे एक दिवस काढणं जड जात नाही, आणि बदल्यात जवळपास रोज उड्डाणाची संधी मिळते. शुभांशू शुक्ला २६ जूनला दुपारी चारच्या सुमाराला पोहोचले, उड्डाणानंतर २८ तासांनी. तांत्रिक कमीपणा म्हणून याकडे बघू नये, असं मला ठामपणे वाटतं. कुठल्याही कोनाला चालेल अशी मोहीम आखणं ही मोठी सोय आहे.

सूर्याचा याच्याशी संबंध असतो का?

असतो, पण तारीख निवडताना. कक्षेचं प्रतल सूर्यप्रकाशाच्या दिशेशी जो कोन करतं, तो आठवड्याआठवड्याला बदलतो. तो फार वाढला, की स्थानक बराच काळ सावलीतच जात नाही आणि तापमान सांभाळणं कठीण होतं. ६० अंशांपुढे शटल तिथे पाठवत नसत.

चंद्रावरून निघालेल्या अपोलोच्या यानाचंही असंच होतं का?

तिथे प्रतलाची कटकट जवळजवळ नव्हती. चंद्र तासाला अर्धा अंशच फिरतो, त्यामुळे वरच्या यानाची कक्षा उतरलेल्या जागेवरून हळूहळूच सरकते. उरतं फक्त कोनीय अंतर. २१ जुलै १९६९ ला आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन यांनी वरच्या यानातल्या कॉलिन्स यांना गाठलं, त्याला साडेतीन तासांहून थोडा जास्त वेळ लागला. अपोलो-१४ पासून हेच काम दोन तासांच्या आत होऊ लागलं.

दोन उपग्रह कक्षेत जोडणाऱ्या इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेला अशी वेळ पाळावी लागली का?

स्थानकासारखी नाही. ३० डिसेंबर २०२४ ला पीएसएलव्ही-सी६० ने २२० किलो वजनाचे दोन उपग्रह एकत्रच ४७५ किलोमीटरच्या कक्षेत सोडले. दोघं एकाच रॉकेटवरून गेले, त्यामुळे प्रतल जन्मापासूनच जुळलेलं. उड्डाण ९:५८ ऐवजी रात्री १० ला झालं, ते कक्षेतल्या इतर उपग्रहांच्या फार जवळून जायला नको म्हणून.

प्रश्न उरला दोघांना मुद्दाम दूर जाऊ देऊन पुन्हा जवळ आणण्याचा, आणि १६ जानेवारी २०२५ ला जोडणी यशस्वी झाली. हे करणारा भारत चौथा देश. २०३५ पर्यंत आपलं स्वतःचं अवकाशस्थानक उभारायचं जाहीर झालं आहे. त्याचे भाग वेगवेगळ्या उड्डाणांनी जातील, तेव्हा श्रीहरिकोटाच्या घड्याळालाही प्रतलाची वाट बघावी लागेल.

मंगळाकडे जातानाही हेच गणित असतं का?

तत्त्व तेच, फक्त फिरणं सूर्याभोवतीचं. तिथे संधी सुमारे २६ महिन्यांनी येते. मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला उडालं, पृथ्वीभोवती फेऱ्या मारत कक्षा वाढवत राहिलं, १ डिसेंबरला मध्यरात्रीनंतर मंगळाच्या वाटेला लागलं आणि २४ सप्टेंबर २०१४ ला पोहोचलं. ती संधी हुकली असती, तर थेट २०१६ उजाडलं असतं.

पुण्या-मुंबईतून स्थानक दिसतं, त्या वेळाही अशाच सरकतात का?

सरकतात, पण तिथे प्रतलाबरोबर स्थानक स्वतः कुठे आहे हेही मोजावं लागतं. पंधरा फेऱ्या २३ तास १० मिनिटांच्या आसपास पूर्ण होतात. त्यामुळे आज संध्याकाळी साडेसातला दिसलं, तर उद्या बहुतेक पावणेसातच्या सुमाराला, थोड्या वेगळ्या बाजूला दिसेल. असं काही दिवस चालतं, मग संध्याकाळची वेळ निघून जाते आणि स्थानक पहाटे दिसू लागतं. सूर्याच्या संदर्भात प्रतलाची एक फेरी साधारण दोन महिन्यांत पूर्ण होते. बघायचं असेल तर सूर्यास्तानंतर किंवा सूर्योदयाआधी तासा-दीड तासात बघा, कारण तेव्हा आपल्याकडे अंधार असतो आणि ४०० किलोमीटर वर ऊन.